जोडणीच्या कडेवर मालकी नको: पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्क महानियंत्रकांना खुले पत्र

प्रति,
मा. महानियंत्रक, पेटंट, डिझाइन आणि ट्रेडमार्क, मुंबई
आणि
मा. सचिव, उद्योग संवर्धन आणि अंतर्गत व्यापार विभाग, नवी दिल्ली

विषय: टचस्क्रीन सुटा होणाऱ्या लॅपटॉपच्या जोडणीचे भाग डिझाइन नोंदणीच्या संरक्षणातून वगळण्याबाबत.

महोदय,

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत आमचा प्लास्टिक मोल्डिंगचा आणि पत्रेकामाचा लहान कारखाना आहे. ज्या लॅपटॉपचा टचस्क्रीन कीबोर्डपासून काढून टॅब्लेट म्हणून वापरता येतो, त्या यंत्रांसाठी आम्ही बदली कीबोर्डचे कव्हर, मागचा घडीचा स्टँड आणि कडेची पट्टी असे भाग तयार करतो. हा माल पुण्याच्या तपकीर गल्लीत, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर आणि तालुक्याच्या गावांतल्या दुरुस्तीच्या दुकानांत जातो. अशा यंत्रात सर्वांत आधी कीबोर्ड जातो, कारण रोजची काढ-घाल त्याचीच होते. आतले यंत्र ठणठणीत असते, पण मूळ कंपनीचा कीबोर्ड एक तर परवडत नाही किंवा ते मॉडेल बंद झाल्यामुळे मिळतच नाही. आमच्याकडे येणारी मागणी ही अशा अडलेल्या विद्यार्थ्यांची, शिक्षकांची आणि फिरतीची नोकरी करणाऱ्यांची असते.

मागच्या वर्षी आम्हाला एका कंपनीच्या वकिलांची नोटीस आली. आमच्या बदली कीबोर्डची जोडणीची कड आणि स्टँडची घडी हे त्यांच्या नोंदणीकृत डिझाइनचे उघड अनुकरण आहे, म्हणून उत्पादन ताबडतोब थांबवावे, साचे नष्ट करावेत आणि आजवरच्या विक्रीचा हिशेब द्यावा, असे तीत म्हटले होते. कंपनीचे नाव मी येथे लिहीत नाही, कारण कायद्याने जो हक्क हाती दिला तोच तिने वापरला आहे. माझी तक्रार तो हक्क इतका मोघम ठेवणाऱ्या कायद्याबद्दल आहे, आणि तो कायदा सुधारण्याची सुरुवात आपल्याच दोन कार्यालयांतून होऊ शकते.

डिझाइनच्या संरक्षणाला माझा विरोध नाही. वर्गात वापरायच्या टॅब्लेट स्टँडचे आमचे स्वतःचे एक डिझाइन नोंदणीकृत आहे, आणि उद्या कोणी त्याची हुबेहूब नक्कल बाजारात आणली तर मीही दाद मागेन. एखाद्याने विचार करून घडवलेले रूप दुसऱ्याने फुकट उचलू नये, हे मला पूर्ण मान्य आहे. मात्र रूप आणि जोडणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जिच्यावरून वाद उभा राहिला ती कड प्रत्यक्षात कशी असते, ते आधी सांगतो. कव्हरच्या वरच्या कडेला सोन्याचा मुलामा दिलेल्या, स्प्रिंगवर दबणाऱ्या पिनांची एक ओळ असते, आणि पडद्याच्या खालच्या कडेवर तितकेच संपर्कबिंदू असतात. दोन्हीकडे चुंबक बसवलेले असतात आणि त्यांचे ध्रुव ठराविक क्रमाने उलटसुलट असतात, जेणेकरून कव्हर आपोआप नेमक्या जागी येऊन बसावे. व्हर्निअरने मोजायला घेतले की कळते की इथे कारागिराला मोकळीक जवळजवळ नाहीच. पिनांची ओळ अर्धा मिलिमीटर सरकली तर संपर्क होत नाही आणि यंत्र कीबोर्ड ओळखत नाही. कडेचा उतार चुकला तर पडदा थोडासा हलला की जोडणी सुटते. एखादा ध्रुव उलटा लागला तर कव्हर चिकटण्याऐवजी मागे ढकलले जाते. ती कड कशी दिसावी हे आम्ही ठरवत नाही, आणि खरे म्हणजे मूळ कंपनीच्या कीबोर्ड विभागानेही ते सौंदर्यदृष्टीने ठरवलेले नसते. भिंतीतल्या सॉकेटप्रमाणे पिन करावी लागते, तसाच हा प्रकार आहे.

स्टँडचीही गोष्ट फार वेगळी नाही. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्ये पहिला सरफेस आणला तेव्हा त्याच्या मागचा स्टँड २२ अंशांच्या एकाच कोनात उघडत असे. टेबलावर ते चालले, मांडीवर मात्र लोकांची गैरसोय झाली. पुढच्या आवृत्तीत दोन कोन आले आणि २०१४ च्या सरफेस प्रो ३ मध्ये हव्या त्या कोनात थांबणारी बिजागरी आली. हे बदल माणसाची मांडी, मान आणि डोळे यांच्या सोयीने झाले. २०१५ मध्ये ॲपलचा आयपॅड प्रो, गूगलचा पिक्सेल सी आणि लेनोवोचा मिक्स ७०० ही यंत्रे काही महिन्यांच्या अंतराने पुढे आली, आणि तिन्हींत पातळ पडदा व चुंबकाने किंवा पिनांनी जोडला जाणारा कीबोर्ड हीच मूळ मांडणी होती. काम एकच असले की मांडणी जवळ येतेच. त्या जवळिकीला चोरी म्हणायचे की नाही, हे ठरवण्याची स्पष्ट कसोटी आपल्या कायद्यात हवी, आणि ती नाही.

आता तक्रारी क्रमाने मांडतो.

पहिली तक्रार कायद्याच्या मौनाची आहे. डिझाइन कायदा, २००० हा ११ मे २००१ रोजी अमलात आला. त्याच्या कलम २(ड) नुसार डिझाइन म्हणजे केवळ डोळ्यांनी पारखले जाणारे आकार, रचना, नक्षी, अलंकरण किंवा रेषा व रंगांची मांडणी. रचनेची पद्धत किंवा तत्त्व आणि निव्वळ यांत्रिक साधन त्यातून वगळले आहे. वाचताना हे पुरेसे वाटते. पण दुसऱ्या वस्तूला जोडता यावे म्हणून ज्या आकाराला पर्यायच उरत नाही, त्या आकाराबद्दल कायदा थेट काहीच बोलत नाही. उलट कलम २(अ) मध्ये 'वस्तू' या शब्दात स्वतंत्रपणे तयार करता व विकता येणारा भागही धरला आहे. सुटा होणारा कीबोर्ड नेमका असाच स्वतंत्रपणे विकला जाणारा भाग असल्यामुळे त्याची वेगळी नोंदणी होऊ शकते, आणि तिच्या आडून जोडणीची कडही मालकीत जाते. नेहमीच्या लॅपटॉपमध्ये हा प्रश्न एवढा उठत नव्हता, कारण तिथे कीबोर्ड यंत्राच्या पोटातच असतो.

युरोपीय संघाच्या डिझाइन नियमावलीत २००१ पासूनच हा प्रश्न सोडवलेला आहे. दोन उत्पादने एकमेकांना जोडली जाऊन आपापले काम करू शकावीत म्हणून जो आकार आणि जी मापे तंतोतंत तशीच ठेवावी लागतात, त्यांना डिझाइनचा हक्क लागू होत नाही, असे तिथले कलम ८(२) सांगते. ब्रिटनच्या १९८८ च्या कायद्यातही नोंदणी नसलेल्या डिझाइनच्या हक्कातून असाच आकार वगळला आहे. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदेविषयीच्या कराराचे कलम २५ तर प्रत्येक सदस्य देशाला मोकळीक देते की, मुख्यतः तांत्रिक किंवा कार्यात्मक कारणांनी ठरलेल्या डिझाइनला संरक्षण न देण्याची तरतूद त्याने करावी. म्हणजे आंतरराष्ट्रीय बांधिलकी आडवी येते, असे म्हणायलाही जागा नाही.

दुसरी तक्रार नोंदणीपत्रातल्या मजकुराची. नोटीस आल्यावर मी ते डिझाइन काढून पाहिले. नावीन्याचे विधान नेहमीच्या साच्यातले होते: चित्रात दाखविल्याप्रमाणे वस्तूच्या आकारात व रचनेत नावीन्य आहे. खाली ठरलेला खुलासा होता, की यंत्रणेच्या कोणत्याही यांत्रिक क्रियेवर या नोंदणीने हक्क सांगितलेला नाही. हा खुलासा आमच्या बाजूचा वाटतो, पण नोटिशीचे उत्तर लिहायला बसल्यावर तो कोणत्या रेषेला लागू होतो हे चित्रावरून कळत नाही. कड, पिनांची जागा, कोपऱ्यांची गोलाई, कापडासारखा पोत, सगळे एकाच ठळक रेषेत काढलेले असते. पोत आणि कोपरे आमचे वेगळे आहेत. कड तशीच आहे आणि तशीच असावी लागते. मग तुलना कशाची करायची? कंपनीचा वकील म्हणतो संपूर्ण आकाराची, आमचा वकील म्हणतो कड वगळून उरलेल्या रूपाची, आणि दोघांनाही आधार देईल असे एकही वाक्य त्या कागदावर नाही.

तिसरी तक्रार सर्वांत गंभीर आहे, म्हणून तिच्यावर जरा थांबतो. डिझाइनच्या वादात अंतिम निकालापेक्षा अंतरिम मनाई, म्हणजे निकालाआधीच दिलेली तात्पुरती बंदी, जास्त नुकसान करते, आणि टॅब्लेटच्या इतिहासानेच हे दाखवून दिलेले आहे.

ॲपलने मार्च २००४ मध्ये अर्ज केलेले आणि मे २००५ मध्ये मंजूर झालेले अमेरिकेतले डिझाइन पेटंट ५०४८८९ हे गोल कोपऱ्यांच्या, सपाट चेहऱ्याच्या एका चौकोनी टॅब्लेटचे आहे. २०११ मध्ये त्याच्या आधारे ॲपलने सॅमसंगविरुद्ध दावा दाखल केला तेव्हा सॅमसंगने जुने नमुने पुढे केले. त्यांत रॉजर फिडलर यांचा १९९४ चा वृत्तपत्र वाचण्याच्या टॅब्लेटचा नमुना होता आणि २००२ मध्ये बाजारात आलेला कॉम्पॅकचा टीसी १००० होता. हा टीसी १००० म्हणजे कीबोर्ड सुटा करता येणारा टॅब्लेट लॅपटॉपच, आजच्या यंत्रांचा थेट पूर्वज. कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाला हे नमुने महत्त्वाचे वाटले आणि पेटंट वैध ठरणे कठीण दिसते म्हणून त्याने सुरुवातीला मनाई नाकारली. मे २०१२ मध्ये अपील न्यायालयाने हा निष्कर्ष फिरवला, कारण तेव्हाच्या कसोटीनुसार तुलनेचा पहिला नमुना मूळ डिझाइनशी जवळजवळ एकरूप असावा लागे, आणि फिडलर यांचा नमुना त्यात बसला नाही. मग २६ जून २०१२ रोजी सॅमसंगच्या गॅलेक्सी टॅब १०.१ या टॅब्लेटच्या अमेरिकेतल्या विक्रीवर मनाई आली. २४ ऑगस्टला ज्युरीचा निकाल लागला. फोनच्या डिझाइनांवरून आणि इतर पेटंटांवरून सॅमसंगला १ अब्ज डॉलरहून अधिक भरपाई सांगितली गेली, मात्र या टॅब्लेटने त्या टॅब्लेट डिझाइनचा भंग केलेला नाही, असे त्याच ज्युरीने ठरवले. मनाई उठली ती १ ऑक्टोबरला. ज्या डिझाइनचा भंगच झाला नव्हता त्याच्यापायी एक उत्पादन ऐन मोसमात तीन महिने बाजाराबाहेर राहिले.

युरोपातही तेच. ॲपलच्या एकाच नोंदणीकृत युरोपीय डिझाइनवरून जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फच्या न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सॅमसंगविरुद्ध मनाई दिली, आणि लंडनच्या न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये भंग झाला नसल्याचा निकाल दिला, जो ऑक्टोबरमध्ये अपिलातही टिकला. दोन अनुभवी न्यायालये एकाच चित्राकडे पाहून उलट निष्कर्षाला येतात, तेव्हा सुनावणीपूर्वीच कारखाना बंद करायला लावणे किती धोक्याचे आहे, हे वेगळे सांगायला नको. सॅमसंग तीन महिने सोसू शकली. भोसरीतला कारखाना तीन महिने साचा बंद ठेवून कामगारांचे पगार आणि बँकेचा हप्ता भरू शकत नाही. आम्ही नोटिशीनंतर ते उत्पादन थांबवले, ते आमची बाजू लंगडी होती म्हणून नव्हे, तर एकतर्फी मनाई आली तर बाकीचे कामही अडकेल या भीतीने.

अमेरिकेने पुढे आपली कसोटी सुधारली. २१ मे २०२४ रोजी तिथल्या त्याच अपील न्यायालयाच्या पूर्ण पीठाने सुटे भाग विकणारी एलकेक्यू विरुद्ध मोटार कंपनी जीएम या खटल्यात, फिडलर यांचा नमुना ज्या कसोटीवर बाद झाला ती कसोटी फार ताठर म्हणून मोडीत काढली. हा खटला मोटारीच्या मडगार्डचा, म्हणजे बदली भागाचाच होता. ज्यांची पद्धत आपण अनेक बाबतींत डोळ्यांसमोर ठेवतो, ते दुरुस्त्या करत पुढे गेले आहेत.

चौथी तक्रार मुदत आणि दाद यांची. आपल्याकडे नोंदणी १० वर्षांची असते आणि ती आणखी ५ वर्षे वाढवता येते. सुट्या पडद्याच्या लॅपटॉपचे एक मॉडेल बाजारात त्याच्या तुलनेत फार थोडा काळ टिकते. कंपनी ते मॉडेल बंद करते, त्याचा कीबोर्ड विकणे थांबवते, पण दुसऱ्यालाही तो बनवू न देण्याचा हक्क मागे उरतो. नोंदणीपूर्वी हरकत घेण्याची सोय डिझाइन कायद्यात नाही. नंतर कलम १९ खाली रद्द करण्याचा अर्ज करता येतो, पण तो अमुक मुदतीत निकाली निघालाच पाहिजे असे बंधन नाही. दाव्यात बचाव म्हणून नोंदणीच्या वैधतेला आव्हान दिले, तर कलम २२(४) नुसार दावा उच्च न्यायालयाकडे जातो. कायद्याच्या दृष्टीने ते रास्त असेलही. लहान उद्योजकासाठी मात्र खरे बोलण्याची किंमत पुण्याच्या न्यायालयावरून थेट मुंबईच्या उच्च न्यायालयापर्यंत वाढते, आणि बरेच जण त्याआधीच तडजोड करून साचे मोडीत देतात.

पाचवी गोष्ट थोडक्यात. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तिच्या विषयांत मोबाइल आणि टॅब्लेट घेतले आणि त्याच डिसेंबरात पोर्टलही सुरू केले. मे २०२३ मध्ये लॅपटॉप-टॅब्लेटच्या उत्पादनासाठी १७,००० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर झाली. एक विभाग दुरुस्ती करा म्हणतो, दुसरा देशात बनवा म्हणतो, आणि या दोन्ही गोष्टी एकत्र करणाऱ्या कारखान्याला डिझाइन कायदा मात्र संरक्षण देत नाही.

यावर आमच्या मागण्या अशा आहेत.

डिझाइन कायद्यात दुरुस्ती करून, दुसऱ्या वस्तूला जोडले जाण्यासाठी किंवा तिच्यात, तिच्याभोवती वा तिच्यावर बसण्यासाठी ज्यांची मापे व आकार तसेच ठेवणे अपरिहार्य आहे, ती वैशिष्ट्ये संरक्षणातून स्पष्ट शब्दांत वगळावीत. त्यासोबत दुरुस्तीचे कलमही यावे. युरोपीय संघाच्या २०२४ च्या डिझाइन सुधारणांमध्ये गुंतागुंतीच्या उत्पादनाचे मूळ रूप परत आणण्यासाठी लागणाऱ्या भागांकरिता असे कलम आहे. ग्राहकाला भागाचा खरा उत्पादक कोण ते कळावे, ही त्यातली अट आम्हालाही मान्य आहे. आमच्या प्रत्येक कव्हरवर आमचे नाव आम्ही आजही छापतो.

कायदा बदलायला वेळ लागेल. परीक्षकांसाठी मार्गदर्शक सूचना काढायला संसदेची गरज नाही. कीबोर्ड, डॉक, स्टँड अशा सुट्या होणाऱ्या भागाचा अर्ज आला, की जोडणीची वैशिष्ट्ये कोणती हे अर्जदाराकडून लिहून घ्यावे, चित्रात ती वेगळी दाखवायला लावावीत आणि त्यांवर हक्क नसल्याचा खुलासा त्या भागाचे नाव घेऊन करायला लावावा. कलम २(ड) चा आधार यासाठी पुरेसा आहे. कोलकात्याच्या डिझाइन शाखेने एवढे जरी सुरू केले, तरी पुढच्या नोटिशींतला निम्मा मोघमपणा कमी होईल, असे मला मनापासून वाटते.

कलम १९ खालचे अर्ज ठराविक मुदतीत निकाली काढण्याचे बंधन नियमांत घालावे. मुदत किती असावी हे आपण ठरवा, पण ती लिखित असावी. ज्या भागाचे उत्पादन मूळ कंपनीने बंद केले आहे, त्याच्या नोंदणीवर दुसऱ्या उत्पादकाला वाजवी मोबदल्यात परवाना मिळण्याची सोय कायदादुरुस्तीत विचारात घ्यावी.

अंतरिम मनाईचा अधिकार न्यायालयांचा आहे, हे मी जाणतो. तरीही बदली भागांच्या वादात प्रतिपक्षाला ऐकून घेतल्याशिवाय मनाई देऊ नये आणि मनाई मागणाऱ्याने नेमक्या कोणत्या दृश्य वैशिष्ट्याची नक्कल झाली ते सांगावे, अशी तरतूद कायद्यात घालण्याचा प्रस्ताव विभागाने मांडावा. निराधार धमकीविरुद्ध दाद मागण्याची पेटंट कायद्यातली सोय कलम २३ मुळे डिझाइनलाही लागू आहे. ती किती जणांना माहीत आहे? डिझाइनच्या प्रत्येक नोटिशीत या सोयीचा उल्लेख सक्तीचा करावा.

शेवटची मागणी सल्लामसलतीबद्दल आहे. डिझाइन कायद्यावर विचारविनिमय होईल तेव्हा मोठ्या कंपन्यांच्या प्रतिनिधींबरोबर साचे बनवणारे, दुरुस्ती करणारे आणि सुटे भाग विकणारे यांनाही बोलवावे, आणि मसुदा मराठीसह भारतीय भाषांत उपलब्ध करावा. ज्याच्या साच्यावर प्रश्न आहे, त्याला मसुदा वाचता आला पाहिजे.

नोटिशीतली कड, आमची कड आणि ती ज्या पडद्याला बसते तो पडदा, हे तिन्ही नमुने आणि त्यांच्या मापांचा तक्ता आपल्या कोणत्याही अधिकाऱ्यासमोर मांडायला मी तयार आहे. मुंबईचे आपले कार्यालय भोसरीपासून लांब नाही. मार्गदर्शक सूचनांच्या मागणीवर आपण काय करणार आहात, एवढ्या एका प्रश्नाचे तरी उत्तर आपल्या संकेतस्थळावर जाहीरपणे द्यावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
सुटे भाग बनवणारा एक लघुउद्योजक
भोसरी, पुणे